एकाच चुकीची एकच किंमत : स्पर्धात्मक चीअरलीडिंगच्या गुणांकनाबद्दल खुले पत्र

प्रति,
क्रीडा चीअरलीडिंगचे आंतरराष्ट्रीय महासंघ, राष्ट्रीय संघटना, स्पर्धा-आयोजक आणि पंच-प्रशिक्षण मंडळे

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

चीअरलीडिंग हा खेळ आहे की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल चीअर युनियनला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने डिसेंबर २०१६ मध्ये तात्पुरती आणि जुलै २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. शंभराहून अधिक देशांच्या संघटना आज तिच्या सदस्य आहेत. मान्यता मिळाली, पण या खेळाची मोजपट्टी अजून एक झालेली नाही. तेच खेळाडू आणि तेच अडीच मिनिटांचे रुटीन (उचल, पिरॅमिड आणि उड्या यांचे संगीतावर बसवलेले सादरीकरण) घेऊन एखादा संघ एका हंगामात निरनिराळ्या आयोजकांच्या स्पर्धांना गेला, तर त्याचे मोजमाप निरनिराळ्या गुणपत्रिकांवर होऊ शकते, आणि कोणत्या पत्रिकेत कशाला किती वजन आहे हे पाहून प्रशिक्षकाला दर वेळी रुटीनची डागडुजी करत बसावे लागते. मी प्रशिक्षक म्हणून मॅटच्या कडेला उभी राहिले आहे आणि पंच म्हणून टेबलामागेही बसले आहे. गुणांकनाची आणि पंचगिरीची एकच सामायिक पद्धत तुम्ही सर्वांनी मिळून ठरवावी, अशी जाहीर विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मोजपट्टी एक नसल्याची किंमत या खेळाने एकदा न्यायालयात मोजलेली आहे. अमेरिकेतील क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठाने २००९ मध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याऐवजी स्पर्धात्मक चीअरलीडिंगचा संघ उभा करण्याचे ठरवले, तेव्हा व्हॉलीबॉलच्या खेळाडूंनी दाद मागितली. शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या ‘टायटल नाइन’ या कायद्यासाठी चीअरलीडिंगची गणना खेळ म्हणून करता येईल का, हा त्या खटल्यातला कळीचा प्रश्न होता. २०१० मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केले. या मुलींचे कष्ट आणि कौशल्य न्यायालयाने नाकारले नव्हते. बोट ठेवले गेले ते व्यवस्थेच्या विस्कळीतपणावर. प्रतिस्पर्धी संघ एका पातळीचे नव्हते, खेळाडू-निवडीची रीत इतर विद्यापीठीय खेळांसारखी नव्हती, आणि संघाने त्या हंगामात ज्या दहा स्पर्धांत भाग घेतला त्यांत पाच वेगवेगळ्या गुणांकन पद्धती वापरल्या गेल्या होत्या. पुढेमागे हा खेळ त्या कसोटीला उतरू शकेल, ही शक्यता मात्र न्यायालयाने खुली ठेवली. त्या निकालाचा राग अनेकांना आला, मलाही आला. पण दहा स्पर्धा आणि पाच पद्धती या आकड्यांवर आपल्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते, आणि आजही आपण ते ठामपणे देऊ शकत नाही.

अमेरिकेत ‘स्टंट’ नावाच्या स्पर्धाप्रकाराने या अडचणीतून एक वाट काढली आहे. त्यात दोन संघ समोरासमोर येऊन ठरवून दिलेली तीच कौशल्ये एकाच वेळी सादर करतात, आणि सामना चार भागांत खेळला जातो. तुलना त्यामुळे स्वच्छ होते, यात शंका नाही. परंतु स्वतःची रचना स्वतः बांधणे हा पारंपरिक रुटीनचा गाभा आहे. कोणाला कुठे उभे करायचे, पिरॅमिड कोणत्या ठेक्यावर उघडायचा, टम्बलिंगच्या, म्हणजे मॅटवरच्या कोलांटउड्यांच्या, ओळी एकमेकींना कुठे छेदून जातील, हे प्रत्येक संघ आपल्या खेळाडूंकडे पाहून ठरवतो, आणि ते स्वातंत्र्य गमावून मिळणारी एकरूपता मला नको आहे. रुटीन संघांची वेगवेगळीच असावीत. एक व्हायला हवे ते त्यांचे मोजमाप.

फरक नेमका कुठे पडतो, हे एका क्षणाजवळ थांबून पाहू. दोन बेस (खालून उचलणाऱ्या खेळाडू) आणि मागून आधार देणारी बॅकस्पॉट यांनी हात ताठ करून फ्लायरला, म्हणजे वर जाणाऱ्या खेळाडूला, डोक्यावर उचलले आहे. ती एका पायावर उभी आहे आणि दुसरा पाय हाताने धरून तिने कानापाशी ओढला आहे; याला हील स्ट्रेच म्हणतात. दुसऱ्या मोजणीला तिची कंबर एका बाजूला मोडते. मुख्य बेस अर्धे पाऊल मागे सरकते, तिचे कोपर वाकतात, फ्लायरचे पाऊल बेसच्या खांद्याच्या उंचीवर येते, क्षणभर तिथे अडखळते, आणि तिघी मिळून ते पुन्हा वर नेतात. ताल सुटत नाही, फ्लायरचे हसू सुटत नाही, आणि प्रेक्षकांतल्या बहुतेकांना काही बिनसले होते हे कळतही नाही. पंचाला मात्र तेवढ्यात तीन गोष्टी ठरवायच्या असतात. ही डगमग होती की पडणे होते? डोक्यावरच्या उंचीचा स्टंट (म्हणजे ही उचल) पूर्ण झाला असे मानून त्याचे काठिण्य द्यायचे की नाही? आणि सफाईच्या रकान्यातून पुन्हा काही कापायचे की नाही?

याचे उत्तर पंचाच्या नजरेपेक्षा त्याच्या हातातल्या व्याख्येवर जास्त अवलंबून असते. उंची सुटणे हीच पडण्याची खूण असे लिहिले असेल, तर हे पडणे ठरते. फ्लायर जमिनीवर किंवा बेसच्या कवेत आल्याशिवाय पडणे मानायचे नाही असे लिहिले असेल, तर ही नुसती डगमग ठरते. व्याख्या मोघम असेल, तर एकाच टेबलावरचे दोन पंच दोन उत्तरे देतात आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत असे प्रामाणिकपणे वाटते. त्यातच कपातीसाठी वेगळा पंच, सफाईसाठी वेगळा आणि एकंदर परिणामासाठी आणखी वेगळा अशी मांडणी असेल, तर त्या एका अडखळण्याची वसुली तीन ठिकाणी होऊ शकते, किंवा ‘दुसऱ्याने कापले असेलच’ या समजुतीने एकाही ठिकाणी होत नाही. निकाल गुणाच्या शतांशावर ठरणाऱ्या खेळात हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

आणि हे आपल्याला जमण्यासारखे नाही असे मुळीच नाही. मॅटची मापे आपण जुळवली आहेत, रुटीनची वेळ जुळवली आहे, कोणत्या स्तरावर कोणते कौशल्य चालेल आणि कोणते चालणार नाही याचे नियमही बऱ्याच अंशी जुळवले आहेत. पहिल्या स्तरापासून सातव्या स्तरापर्यंतची शिडी आज अनेक देशांतले प्रशिक्षक एकाच अर्थाने समजतात. सुरक्षेसाठी एकमत झाले, कारण तिथे मतभेद परवडणारे नव्हते. गुणांच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण आपली गुणपत्रिका ही आपल्या स्पर्धेची ओळख आहे असे प्रत्येक आयोजकाला वाटत राहिले.

माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, जे मोजता येते आणि ज्याचा निर्णय नजरेनेच करावा लागतो, त्या दोहोंची फारकत करावी. किती गटांनी कोणता स्टंट केला, किती खेळाडूंनी कोणती टम्बलिंग पूर्ण केली, टॉसमध्ये, म्हणजे खेळाडूला हवेत फेकल्यावर, किती फिरक्या झाल्या, ही मोजणीची कामे आहेत. त्यांत मताला जागा असू नये. संघाने स्पर्धेपूर्वी आपल्या कौशल्यांची क्रमवार यादी द्यावी, प्रत्येक कौशल्याचे मूल्य एका प्रकाशित तक्त्यात आधीच ठरलेले असावे, आणि तांत्रिक पंचांनी यादीतले काय प्रत्यक्षात झाले एवढेच तपासावे. डायव्हिंगमध्ये खेळाडू आपल्या उड्यांची यादी आधी देतो आणि प्रत्येक उडीचा काठिण्यांक आधीच छापलेला असतो. जिम्नॅस्टिक्सने २००६ मध्ये दहापैकी दहा ही जुनी कमाल मर्यादा सोडून काठिण्याचे आणि सफाईचे गुण वेगळ्या पंचांकडे सोपवले. फिगर स्केटिंगमध्ये २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधील जोडी-प्रकाराच्या निकालावरून गदारोळ झाला, दुसऱ्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले, आणि २००४ मध्ये सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत सोडून प्रत्येक घटक वेगळा ओळखून मोजणारी पद्धत स्वीकारली गेली. या तिन्ही खेळांतला वाद आजही संपलेला नाही, पण वाद कशाबद्दल आहे हे तिथे कागदावर दाखवता येते. आपल्याकडे निकालानंतर प्रशिक्षकाच्या हाती पडणाऱ्या गुणपत्रिकेत कित्येकदा काठिण्याचा एक आकडा आणि ‘अधिक संघ-सहभाग हवा’ असे एखादे वाक्य असते. कोणत्या ओळीतली कोणती उडी मोजली गेली नाही, हे त्यातून कळत नाही.

हे करताना कलात्मक जलतरणाचा अलीकडचा अनुभव समोर ठेवावा, असे मला आवर्जून सांगायचे आहे, कारण सांघिक रचना, संगीत, हवेत फेकल्या जाणाऱ्या खेळाडू आणि एकाच वेळी अनेक शरीरांवर ठेवावी लागणारी नजर या सर्व बाबतींत तो खेळ आपल्याला सर्वांत जवळचा आहे. २०२३ पासून तिथे प्रशिक्षकाने आधी घोषित केलेल्या काठिण्यावर आधारलेली पद्धत लागू झाली. घोषित केलेला घटक जसाच्या तसा झाला नाही, तर त्याला ‘बेस मार्क’ म्हणजे केवळ किमान मूल्य मिळते. पारदर्शकता वाढली, परंतु एका हाताची किंवा कोनाची चूक झाली तरी घटकाचे जवळपास सगळेच मूल्य बुडू लागले आणि नावाजलेले संघ एका घटकापायी क्रमवारीत घसरले. आपल्याकडे वीस-पंचवीस खेळाडूंपैकी एकीने ऐनवेळी उडी टाळली म्हणून पूर्ण विभागाचे काठिण्य शून्यावर आणणे अन्यायाचे होईल. म्हणून अंशतः झालेल्या कौशल्याला अंशतः मूल्य देणारी पायरी तक्त्यातच असावी: चारपैकी तीन गटांनी स्टंट पूर्ण केला, तर तीन गटांचे गुण मिळावेत, चौथ्याचे मिळू नयेत, आणि तिथेच तो हिशोब संपावा.

मोजणीच्या प्रश्नाशी आणखी एक प्रश्न बांधलेला आहे आणि तो माझ्या मते गुणांपेक्षा मोठा आहे. गुणपत्रिका ही निकालाच्या दिवशी वापरायची वस्तू असली, तरी तिचा खरा अंमल वर्षभर सराव-सभागृहात चालतो. जिथे गुण असतात तिथे सराव वळतो. संघातल्या ठराविक प्रमाणातल्या खेळाडूंनी एखादे कौशल्य केले तरच वरचा गुणगट मिळेल, असा नियम असतो, आणि त्या प्रमाणाला दोन मुली कमी पडत असतात. मग ज्यांचे राउंड-ऑफनंतरचे बॅक हँडस्प्रिंग (हातांवरून घेतलेली मागची उलटी उडी) अजून खांद्यातून ढिले आहे, अशा दोघींना पुढच्या उडीला उभे केले जाते. समजा, वरच्या गुणगटाने संघाला अर्धा गुण मिळणार आहे आणि एका खेळाडूच्या पडण्याने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच कपात होणार आहे. हिशोब करणारा कोणताही प्रशिक्षक म्हणेल, पडली तर पडली. हा हिशोब प्रशिक्षकाच्या निष्ठुरपणातून येत नाही. तो आपण छापलेल्या कागदातून येतो, आणि म्हणून त्याची जबाबदारी आपली आहे.

जिम्नॅस्टिक्सच्या नियमावलीत पडण्याला पूर्ण एक गुण जातो, तर मुलींच्या प्रकारांत ‘डी’ या काठिण्यगटातल्या कौशल्याचे मूल्य ०.४ आहे. न साधलेले कौशल्य करून पाहण्यात तिथे फायदा उरत नाही, हे पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत असते. आपल्या सामायिक पद्धतीतही अपुऱ्या तयारीने केलेल्या प्रयत्नाची किंमत त्यातून मिळणाऱ्या लाभापेक्षा नेहमी जास्त असली पाहिजे, आणि हात किंवा गुडघे टेकून संपलेली उडी संख्येत धरली जाऊ नये. त्याच वेळी वर नेलेला स्टंट डळमळू लागल्यावर तो सावरून, नियंत्रणात खाली आणणाऱ्या बेसना शिक्षा कमी व्हावी. आज काही ठिकाणी स्टंट हट्टाने वर ठेवून डगमग सोसणे हे तो शहाणपणाने खाली आणण्यापेक्षा स्वस्त पडते. फ्लायरच्या मानेला धोका असताना तिला खाली घेणाऱ्या मुलीला ‘तू संघाचे गुण घालवलेस’ असे ऐकावे लागणे मला सहन होत नाही.

सफाईबद्दल माझे म्हणणे थोडक्यात सांगते. वाकलेले गुडघे, सुटलेली बोटे, न जुळलेली वेळ, स्टंटखाली हललेले पाय या चुका सर्व गुणपत्रिकांत सारख्याच ओळखल्या जातात. फक्त त्यांच्या लहान, मध्यम आणि मोठ्या अशा पायऱ्या ठरवून प्रत्येकीची किंमत छापायची बाकी आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये ही किंमत ०.१, ०.३ आणि ०.५ अशी आहे. आपले आकडे वेगळे असतील. ते कोणते असावेत याबद्दल माझा आग्रह नाही. ते सगळीकडे तेच असावेत याबद्दल आहे. पंचांच्या गुणांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्यांची सरासरी घेणे हीदेखील इतरत्र रुळलेली आणि आपल्याला सहज उचलता येणारी रीत आहे.

सगळेच मोजायला गेलात तर रुटीनचा जीव जाईल, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला गंभीर वाटतो. संघ मॅटवर येतो तेव्हा त्याच्या चालण्यात जो आत्मविश्वास असतो, संगीताचा ठेका आणि पिरॅमिडचे उघडणे एका क्षणी जुळते तेव्हा सभागृहातून जो हुंकार उठतो, तो कोणत्याही तक्त्यात बसत नाही. इंटरनॅशनल चीअर युनियनच्या स्पर्धांत रुटीनला जोडून प्रेक्षकांना सोबत घेण्याचा स्वतंत्र भागही असतो, कारण हा खेळ तिथूनच जन्मला आहे. म्हणून एकंदर परिणामासाठी गुण जरूर असावेत. मात्र त्यांचा वाटा मर्यादित असावा, तो किती हे आधी जाहीर व्हावे, आणि त्या रकान्यात पडण्याची, उंचीची किंवा काठिण्याची वसुली पुन्हा होऊ नये. परिणामाच्या नावाखाली काठिण्याचा निकाल फिरवण्याइतकी जागा त्या रकान्यात असेल, तर बाकीची सगळी मोजणी व्यर्थ जाते.

आता पंचांविषयी. त्यांच्यावर ज्या परिस्थितीत काम लादले जाते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मधल्या मोजक्या मिनिटांत, सात स्तरांचे आणि अनेक वयोगटांचे संघ एकामागून एक समोर येतात. मघाशी चिमुकल्यांच्या संघाला गुण दिलेल्या डोळ्यांनी पुढच्या मिनिटाला वरच्या स्तराचा टॉस पाहायचा असतो. जिम्नॅस्टिक्स आणि फिगर स्केटिंगमधल्या निकालांच्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, उशिरा सादरीकरण करणाऱ्यांना तुलनेने जास्त गुण मिळण्याकडे कल असतो, आणि आपल्या देशाच्या खेळाडूकडे पंचाचा हात किंचित सैल पडतो. चीअरलीडिंगच्या पंचांची मने निराळ्या मातीची नाहीत. आपल्याकडे तर पुढे आणखी चांगला संघ येईल म्हणून पहिल्या संघाला हात राखून गुण देण्याची सवय काही ठिकाणी उघडपणे शिकवली जाते. त्यामुळे पहिल्या क्रमांकाने उतरणे हीच एक अदृश्य कपात होऊन बसते. गुण ठरलेल्या मोजपट्टीवर दिले गेले, तर हात राखण्याचे कारण उरणार नाही.

यासाठी पंचांची एकच प्रमाणित परीक्षा हवी. ती स्तरानुसार आणि भूमिकेनुसार वेगळी असावी, आणि एकदा उत्तीर्ण झाल्यावर जन्मभर पुरणारी नसावी. हंगामाच्या सुरुवातीला सर्व पंचांनी त्याच ध्वनिचित्रफिती पाहून स्वतंत्रपणे गुण द्यावेत, कोणाचे गुण सामायिक उत्तरापासून किती दूर गेले हे त्यांना दाखवावे, आणि फार दूर जाणाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण द्यावे. मघाचा हील स्ट्रेच अशा चाळीस पंचांना दाखवला आणि त्यांतल्या वीस जणांनी त्याला पडणे म्हटले, तर दोष त्या पंचांचा मानू नये. ती व्याख्या पुन्हा लिहावी. पंचांच्या कामाचे तास, विश्रांती आणि मानधन यांचेही किमान निकष ठरवावेत. थकलेल्या माणसाकडून शतांशाची अचूकता मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पंच कोण नेमतो, हाही प्रश्न टाळता येणार नाही. स्पर्धा भरवणारी संस्था, गुणपत्रिका ठरवणारी संस्था आणि पंचांना मानधन देणारी संस्था एकच असेल, आणि त्याच संस्थेची शिबिरे व गणवेश संघ विकत घेत असतील, तर प्रत्येक पंच कितीही सचोटीचा असला तरी पराभूत संघाच्या मनातला संशय दूर करण्याचे साधन कोणाच्याच हाती राहत नाही. अमेरिकेत चीअरलीडिंगच्या स्पर्धा भरवणाऱ्या व्हार्सिटी या उद्योगसमूहावर बाजारपेठेतील मक्तेदारीचे दावे झाले आणि २०२३ व २०२४ मध्ये त्यांत मोठ्या रकमांच्या तडजोडी झाल्या. ते दावे गुणांकनाबद्दल नव्हते, आणि तसे मला सुचवायचेही नाही. स्पर्धांची सूत्रे थोड्या हातांत एकवटली की पंचमंडळाचे स्वातंत्र्य नियमांनीच राखावे लागते, एवढाच मुद्दा त्यातून मी घेते. पंचांची नेमणूक आयोजकाबाहेरच्या यादीतून व्हावी, आणि प्रत्येकाने कोणत्या संघाला, क्लबला किंवा नृत्यदिग्दर्शकाला आपण अलीकडे सेवा दिली आहे हे लेखी जाहीर करावे.

नावे झाकून निःपक्षपात येत नाही, हे स्केटिंगने अनुभवले आहे. २००२ नंतर तिथे कोणते गुण कोणत्या पंचाने दिले हे गुप्त ठेवले गेले, दबाव कमी व्हावा या हेतूने. पण त्यामुळे संशय घेणाऱ्याला पुरावा मिळेना आणि प्रामाणिक पंचालाही आपली बाजू दाखवता येईना. अखेर २०१६ मध्ये ती गुप्तता रद्द झाली. आपण थेट त्या शेवटच्या पायरीवरूनच सुरुवात करावी: प्रत्येक संघाची पूर्ण गुणपत्रिका, मोजलेल्या आणि न मोजलेल्या कौशल्यांसह, पंचांच्या नावांनिशी, स्पर्धा संपताच सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध व्हावी. लहान मुलांच्या गटांत खेळाडूंची नावे अर्थातच येऊ नयेत.

फेरतपासणीचा नियमही एकच असू द्या. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंग याच्या पॅरलल बार्सवरील रचनेचे आरंभमूल्य (कपातीआधीचे कमाल गुण) १० ऐवजी ९.९ धरले गेले. सुवर्णपदक जिंकणाऱ्या पॉल हॅमपेक्षा तो ०.०४९ गुणांनी मागे राहिला होता, आणि आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे प्रकरण गेल्यावरही तक्रार वेळेत झाली नव्हती या कारणाने निकाल बदलला नाही. मोजणीतली चूक ही मतभिन्नता नसते, आणि ती जागच्या जागी दुरुस्त करता आली पाहिजे. गुण हाती आल्यापासून किती मिनिटांत, कोणाकडे, कोणत्या बाबींवर अर्ज करायचा हे प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ असावे. तपासणी काठिण्याच्या मोजणीची आणि कपातींची व्हावी, पंचांच्या एकंदर मताची नव्हे. ती अधिकृत चित्रीकरण पाहून व्हावी. आणि बक्षीस-समारंभ त्याआधी सुरू होऊ नये.

लहान आयोजकांची अडचण मला ठाऊक आहे. प्रत्येक गावच्या स्पर्धेला दोन कॅमेरे, तांत्रिक पंचांचे वेगळे टेबल आणि रिप्लेची सोय परवडणार नाही. म्हणूनच मंडळाच्या रचनेत दोन-तीन आकार चालवून घ्यावेत. एका ठिकाणी तीन पंच असतील, दुसऱ्या ठिकाणी नऊ. पंच कमी-जास्त चालतील, पण पडणे म्हणजे काय याची व्याख्या सगळीकडे तीच राहिली पाहिजे. याचे महत्त्व पात्रतेच्या वेळी विशेष जाणवते. ओरलँडोमध्ये २००४ पासून होणाऱ्या ‘चीअरलीडिंग वर्ल्ड्स’चा प्रवेश संघांना हंगामातल्या निरनिराळ्या अधिकृत स्पर्धांतून मिळतो. एका स्पर्धेत कमी काठिण्य आणि स्वच्छ सादरीकरण करणारा संघ पुढे जातो, दुसरीकडे जास्त काठिण्य आणि दोन डगमगी असलेला. दोन्ही निकाल आपापल्या कागदानुसार बरोबर असतात, आणि तरीही त्या दोन संघांपैकी खरोखर सरस कोण हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या कुटुंबांनी वर्षभराची कमाई या प्रवासासाठी बाजूला ठेवलेली असते, त्यांना याहून नेमके उत्तर मिळायला हवे.

या पत्राच्या वर मी ‘महासंघ’ असे अनेकवचन जाणून लिहिले आहे. इंटरनॅशनल चीअर युनियनच्या आधी, १९९८ मध्ये, टोकियोत इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ चीअरलीडिंगची स्थापना झाली होती आणि २००१ पासून त्या महासंघाने जागतिक स्पर्धा भरवल्या. ऑल-स्टार क्लबांची (शाळा-महाविद्यालयांशी न जोडलेल्या, स्पर्धांसाठीच्या क्लबांची) संघटना वेगळी, शालेय आणि महाविद्यालयीन स्पर्धांची व्यवस्था त्याहून वेगळी. संस्था एक व्हाव्यात असे मी म्हणत नाही. त्यांचे मतभेद जुने आहेत आणि ते मिटेपर्यंत खेळाडूंच्या पिढ्या निघून जातील. संस्था वेगळ्या राहूनही कौशल्यांचा एक तक्ता, चुकांच्या व्याख्यांचा एक कोश आणि पंचांची एक परीक्षा वापरू शकतात. तेवढ्यासाठी प्रत्येक संस्थेने आपले तांत्रिक तज्ज्ञ एका संयुक्त समितीवर पाठवावेत. त्या समितीत कार्यरत प्रशिक्षक, कार्यरत पंच, क्रीडावैद्यकातील जाणकार आणि नुकतेच निवृत्त झालेले खेळाडूही असावेत. फ्लायरच्या पायाखाली उभ्या राहिलेल्या माणसाला डगमग आणि पडणे यांतली सीमा जितकी कळते, तितकी ती समितीच्या टेबलावरून कळत नाही.

शेवटी वेळापत्रकाबद्दल. रुटीन बांधण्याचे काम हंगामाच्या कितीतरी आधी होते. नृत्यदिग्दर्शक ठरलेला असतो, संगीत कापून झालेले असते आणि मुलींच्या शरीरांनी तो क्रम आत्मसात केलेला असतो. त्यानंतर आलेले प्रत्येक ‘स्पष्टीकरण’ म्हणजे बांधलेल्या पिरॅमिडखालची एक जागा काढून घेणे असते, आणि घाईघाईने बदललेल्या स्टंटमध्येच दुखापती होतात. म्हणून सामायिक पद्धतीचा मसुदा आधी प्रशिक्षकांच्या आणि पंचांच्या सूचनांसाठी खुला करावा; मग एक पूर्ण हंगाम तो काही निवडक स्पर्धांत जुन्या गुणपत्रिकेच्या जोडीने, निकालावर परिणाम न होऊ देता चालवून पाहावा; दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी प्रसिद्ध करावेत; आणि अंतिम नियम पुढच्या रुटीन-बांधणीला सुरुवात होण्याआधी सर्वांच्या हाती द्यावेत. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत सुरक्षेचे कारण वगळता त्यात एका शब्दाचाही बदल करू नये.

या चाचणी-हंगामासाठी चित्रफिती तपासणे, व्याख्यांचे मसुदे वाचणे किंवा पंचांच्या सराव-सत्रांत बसणे, यांपैकी जे काम सांगाल ते विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे, आणि माझ्या ओळखीच्या अनेक प्रशिक्षकांनी व पंचांनीही तशीच तयारी दाखवली आहे. संयुक्त समिती नेमणार की नाही, आणि नेमणार असाल तर कधी, एवढे आपण जाहीरपणे कळवावे.

कळावे,

आपली नम्र,
एक प्रशिक्षक व पंच